वैजयंतीबाईंची सवत

वैजयंतीबाई रणपिसे यांची सवत साबणाच्या वडीएवढी होती, काळी होती आणि दिवसरात्र त्यांच्या नवऱ्याच्या कमरेला चिकटलेली असायची. तिचं सरकारी नाव ब्लीपर. ती एकदा किंचाळली की उदयराव हातातलं जे असेल ते टाकून धावत सुटायचे, मग तो घास असो, गिऱ्हाइकाचा टीव्ही असो, नाहीतर बायकोचं अर्ध्यावर आलेलं वाक्य असो. अशी इतकी वाक्यं लोंबकळत राहिली होती की पुढे पुढे बाईंनी आधी शेवट सांगायचा आणि मग सुरुवात करायची, अशी पद्धतच पाडून घेतली. "मंजिरीला फार लागलेलं नाही. पडली. सायकलवरून. आज सकाळी काय झालं..." असं त्या लेकीबद्दल बोलायच्या. नव्या माणसाला वाटायचं, बाईंचं डोकं जरा फिरलंय. डोकं जागेवर होतं, वेळ हाताशी नव्हता एवढंच.

इंग्लंडातल्या मिल्टन कीन्स शहरापासून मोटारीने अर्ध्या तासावर असलेल्या हेझलकॉट या गावात उदयरावांचं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. खाली दुकान, वर घर. त्याच रस्त्यावर, चर्चच्या पलीकडे गावाचं फायर स्टेशन. स्टेशन म्हणजे काय, तर एक मोठं गॅरेज आणि त्यात एक लाल बंब. तिथे पूर्णवेळ नोकरीला कुणीच नव्हतं. गावातलीच माणसं आपापले धंदे सांभाळून हे काम करायची. आग लागली, हमरस्त्यावर गाड्या आपटल्या, कुणाची गाय खंदकात पडली, की ब्लीपर वाजायचे आणि ही मंडळी धावायची. त्यांचा म्होरक्या डेनिस हा गावचा खाटीक. त्याच्याखाली गॅरेजवाला, शाळेचा केअरटेकर आणि चौथे आमचे उदयराव.

आता यातली गोम अशी की चार माणसं असल्याशिवाय बंब हलवायचा नाही, असा नियम होता. संध्याकाळनंतर अडचण नव्हती, कामावर गेलेले सगळे घरी परतलेले असायचे. दिवसा मात्र अर्धं गाव मिल्टन कीन्सच्या ऑफिसांत जाऊन बसायचं. दिवसा उजेडी गावात सापडणारे असे हे चारच. पाचवा नाही. म्हणजे यातला एक जरी कुठे गेला, तरी लाखमोलाचा बंब जागच्या जागी उभा.

उदयराव यात सापडले कसे, तेही सांगायला हवं. मूळचे दापोडीचे. रेडिओ मेकॅनिकचा कोर्स करून थोरल्या भावापाठोपाठ स्लाऊला आले आणि तिथल्या कारखान्यात दहा वर्षं काढली. त्या दहा वर्षांत त्यांना साहेबाने विचारलेला एकमेव प्रश्न म्हणजे, "शनिवारी ओव्हरटाइम करतोस का?" मग हेझलकॉटच्या एका म्हाताऱ्याने निवृत्त होताना दुकान विकायला काढलं आणि उदयरावांनी ते घेतलं. पहिल्याच वर्षी, १९८१ साली, डेनिस बिघडलेला टीव्ही काखोटीला मारून आला आणि म्हणाला, "दिवसा तू कुठे असतोस?"

"इथेच," उदयराव म्हणाले.

"आणि रात्री?"

"वर."

"मग आमच्यात येतोस का?"

आमच्यात! हा एक शब्द ऐकून माणूस आतून हलला. आपल्याकडे कुणी काही मागायला यावं, आणि तेही आपल्यावाचून अडलंय म्हणून, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. त्या दिवशी ते जिना चढून वर आले ते लग्न ठरल्यासारखं तोंड करून. वैजयंतीबाई तेव्हा खूश झाल्या. सवत घरात येतेय, हे त्यांना नंतर कळलं.

कारण दिवसपाळीच्या माणसाला गाव सोडायची मुभा नव्हती. सोमवार ते शुक्रवार उदयराव चर्चपासून दुकानापर्यंत खुंटीला बांधलेले. लंडनला पाहुणे उतरले, तरी भेटायला बाई एकट्या. भावाच्या मुलीचं लग्न गुरुवारी रजिस्टर झालं, तेव्हाही त्या एकट्याच. चौदा एप्रिलला स्लाऊच्या हॉलमध्ये बाबासाहेबांची जयंती असायची. ती बहुतेक रविवारी धरायचे, पण तयारीला आठवडाभर आधीपासून बायका जमायच्या, पोळ्या लाटता लाटता गप्पा रंगायच्या. बाई बसने जायच्या आणि संध्याकाळच्या बसने परत यायच्या. परतताना खिडकीतून शेतं दिसायला लागली की त्या तोंड फिरवून घ्यायच्या. हेझलकॉटची माणसं वाईट नव्हती. चांगलीच होती. पण दिवसभरात मराठीतला एक शब्द कानावर पडू नये, ही काय जगायची रीत झाली? मंजिरी होती, पण तिचं मराठी म्हणजे, "आई, बाबाची ब्लीपर वाजला, तो गेली." पोरीवर रागवावं की हसावं, हेच बाईंना कळायचं नाही.

त्यांचा जीव वॉटफर्डमध्ये अडकला होता. तिथे रश्मी होती, स्लाऊच्या दिवसांतली मैत्रीण. आसपास पाच-सहा मराठी घरं. एकमेकींकडे वाटीभर आमटी जायची, रागरुसवे व्हायचे, ते मिटायचे. बाईंना तर तिथल्या भांडणांचाही हेवा वाटायचा. शेवटी एका रविवारी त्यांनी नवऱ्याला समोर बसवलं.

"आपण वॉटफर्डला जाऊ या. आता सुरुवात सांगते..."

"सुरुवात नको, मला माहीत आहे," उदयराव म्हणाले. त्यांनी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "हे बघ, स्टेशन चालू आहे तोवर मला निघता यायचं नाही. मी गेलो की तिघं उरतात, आणि तिघांवर काउन्सिल एक दिवस स्टेशन ठेवणार नाही. पण ते आपणहून बंद झालं ना, तर दुसऱ्या दिवशी सामान बांधू. प्रॉमिस."

बाईंनी हा शब्द पदराला गाठ मारून ठेवला. आणि तीन वर्षांनी, १९९१च्या हिवाळ्यात, ती गाठ सुटायची वेळ आली. पोल टॅक्स या नव्या डोईपट्टीच्या भानगडीत काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, तिजोरी कोरडी पडली होती. कशाला कात्री लावायची, याचा शोध सुरू झाला आणि फायर ब्रिगेडच्या कागदांत कुणाला तरी हेझलकॉट सापडलं. छोटं गाव, वर्षाकाठी मोजके कॉल, दिवसा जेमतेम चार माणसं. प्रस्ताव आला, स्टेशन बंद करावं. फेब्रुवारीत काउंटी हॉलमध्ये कमिटी त्यावर मत देणार होती.

गाव हादरलं. डेनिसने दुकानाच्या काचेवर, मटणाच्या भावाच्या वर, 'आमचा बंब वाचवा' असा बोर्ड लावला. वैजयंतीबाई बाहेरून सगळ्यांबरोबर चुकचुकल्या, पण घरी येऊन त्यांनी चक्क गोड शिरा केला. उदयरावांनी तो दोनदा घेतला. रश्मीने तर फोनवर घरही शोधून दिलं, तिच्यापासून दोन गल्ल्या टाकून, खाली दुकानाची जागा असलेलं. मालक महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार होता.

आता कमिटीची बैठक होती मंगळवारी सकाळी. गावातर्फे जायचं कुणी? डेनिसने चौघांना जमवलं, जायचा बेत ठरला, आणि मग केअरटेकरच्या डोक्यात प्रकाश पडला. चौघं काउंटी हॉलला गेले, तर मागे बंब कोण काढणार? 'दिवसा माणसं नसतात' हाच तर काउंटीचा मुद्दा, आणि तो सिद्ध करायला ही मंडळी स्वतःच मोटारीत बसून निघाली होती! चौघंही कपाळाला हात लावून बसले. गावच्या पॅरिश काउन्सिलचं पत्र पोचलं होतं, पण गावाचं एक तरी माणूस गॅलरीत दिसायला हवं. बाकी सगळे कामावर. मोकळं कोण? शाळेच्या किचनमध्ये काम करणाऱ्या वैजयंतीबाई, कारण हाफ टर्मची सुट्टी होती.

"तू फक्त जाऊन बस," डेनिस त्यांना म्हणाला. "बोलायचं काही नाही. लोकांना तिथे बोलूच देत नाहीत."

उदयराव तेव्हा जमिनीकडे बघत होते. बाई बरं म्हणाल्या. का म्हणाल्या, तर डेनिसच्या डोळ्यांत पाणी होतं म्हणून. आणि खरं सांगायचं तर, सवतीला पोचवायला आपण जातीने हजर असावं, असंही मनात होतंच.

पण कुणाच्याही दारात रिकाम्या हाताने जायचं, हे बाईंच्या रक्तात नव्हतं. मग ते दार काउंटी हॉलचं असलं म्हणून काय झालं? आदल्या दिवशी त्यांनी बेसन भाजायला घेतलं. ख्रिसमसच्या चॉकलेटांचा रिकामा गोल डबा लाडवांनी गच्च भरला आणि दुसऱ्या दिवशी वितळत्या बर्फातून पाय सांभाळत बसने जिल्ह्याच्या गावी पोचल्या. कमिटीच्या खोलीबाहेर चहाचं टेबल होतं. तिथे बिस्किटांची एक केविलवाणी बशी बघून बाईंना दया आली. त्यांनी डबा उघडून शेजारी ठेवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला, "घ्या ना, घरचे आहेत," म्हणत राहिल्या. मंडळींनी घेतले. काहींनी दोन-दोन घेतले. अध्यक्ष हे एक वयस्कर शेतकरी गृहस्थ होते, पांढऱ्या मिशांचे. त्यांनी तिसरा रुमालात गुंडाळून खिशात टाकला.

बैठक सुरू झाली. बाई मागच्या बाकावर एकट्याच बसल्या. हेझलकॉटचं नाव निघालं, तसा एक तरुण अधिकारी उभा राहिला. तो वाईट नव्हता, त्याला दिलेलं काम करत होता. त्याने नकाशा दाखवला. हेझलकॉटला धोका कमी, म्हणून ते सर्वांत खालच्या वर्गात. त्या वर्गासाठी नियम असा की पहिला बंब वीस मिनिटांत पोचावा. शेजारच्या गावाचा बंब एकोणीस मिनिटांत पोचतो. म्हणजे स्टेशन बंद केलं तरी नियम मोडत नाही.

एकोणीस मिनिटं. बाई मनाशी विचार करायला लागल्या. एकोणीस मिनिटांत काय होतं? कुकरच्या शिट्ट्या होतात, वरण घोटून फोडणीला पडतं, शेजारी कणीकही मळून होते. आणि गेल्या ऑक्टोबरमध्ये समोरच्या एडना प्रॅटच्या स्वयंपाकघरात चिप्सच्या तेलाने पेट घेतला होता, तेव्हा? एडना ब्याऐंशी वर्षांची, पायाने अधू. खिडकीतून धूर बघून बाई रस्ता ओलांडेपर्यंत उदयराव आणि मंडळी बंब घेऊन आली होती. एडनाला उचलून आणून त्यांनी बाईंच्याच खुर्चीत बसवलं. ती थरथरत होती आणि तिने बाईंचा हात तासभर सोडला नव्हता. तेव्हा बाई मनात म्हणाल्या होत्या, गेली असती बिचारी. आज त्यांना कळलं की एकोणीस मिनिटं असती, तर ती खरंच गेली असती. आणि आपण तिला वॉटफर्डला बसून विसरलोही असतो. त्यांना स्वतःची शरम वाटली.

तेवढ्यात कमिटीचा कारकून अध्यक्षांच्या कानाला लागला. चष्मेवाला, काटेकोर माणूस. त्याला आत्ताच कळलं होतं की बाहेरच्या डब्याची मालकीण हेझलकॉटची आहे. मतदानाआधी सभासदांनी गावाकडून खाद्यपदार्थ स्वीकारले, हे नियमात बसत नाही, असं तो म्हणाला. "या विषयात ज्यांचा काही हितसंबंध निर्माण झाला असेल, त्यांनी तो उभं राहून जाहीर करावा."

सभासद एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले, आणि काही तोंडं अजून हलत होती. अध्यक्षांनी मिशांवरून हळूच हात फिरवला. लाच! बाईंचे कान तापले. आपल्या लाडवांमुळे गावाचं नुकसान झालं, असं त्यांना वाटलं. आणि कारकून जे म्हणाला ते त्यांनी अगदी सरळ मनावर घेतलं. ज्याचा स्वार्थ असेल, त्याने उभं राहून सांगावं. मग या खोलीत आपल्याइतका स्वार्थ कुणाचा आहे? बाई उठून उभ्या राहिल्या.

"माझा आहे," त्या शाळेच्या किचनमध्ये शिकलेल्या इंग्रजीत म्हणाल्या. "हितसंबंध."

"मॅडम, गॅलरीतून बोलता येत नाही," कारकून म्हणाला.

"तुम्हीच तर सांगा म्हणालात."

अध्यक्षांना हसू आवरेना. "इथे सगळ्यांनीच खाल्लेत, तेव्हा सगळेच सारखे. बाईंना बोलू द्या."

सवयीप्रमाणे बाईंनी आधी शेवट सांगून टाकला. "स्टेशन बंद झालं, तर मला वॉटफर्डला घर मिळतं. माझा नवरा तुमचा चौथा माणूस आहे. दहा वर्षं झाली, कामाच्या दिवशी आम्ही दोघं कुठल्या लग्नाला बरोबर गेलो नाही. तिथे माझ्या भाषेची माणसं आहेत. तुम्ही हो म्हणाल, याची मी मनातल्या मनात वाट बघत होते. लाडू त्यासाठी नव्हते. लाडू तुम्ही भेटणार म्हणून होते."

"म्हणजे तुम्हाला स्टेशन बंद व्हायला हवंय?" अध्यक्षांनी विचारलं. तरुण अधिकारीही वळून बघायला लागला.

"हवं होतं. एकोणीस मिनिटं ऐकेपर्यंत." मग त्यांनी एडनाचं सगळं सांगितलं. धूर, खुर्ची, तिचा हात. "बाकीचे आज आले नाहीत, कारण ते आले असते तर गावात कुणी उरलं नसतं. दिवसा माणसं नसतात म्हणता, ती इथे नाहीत म्हणजेच तिथे आहेत."

अध्यक्ष आता हसत नव्हते. "मिसेस रणपिसे, एक सरळ प्रश्न. तुमचे यजमान गेले, तर तिघं उरतात. तिघांसाठी मी पैसे मागू शकत नाही. ते राहणार आहेत का?"

सगळे बाईंकडे बघत होते. वॉटफर्डचं घर डोळ्यांसमोर आलं. रश्मीने फोनवर सांगितलेला मागचा छोटा वाफा, त्यात लावायची मेथी, दारात उभं राहून मारायच्या गप्पा. आपण आता जे बोलू ते परत घेता येणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"राहतील," त्या म्हणाल्या.

"आणि तुम्ही?"

"ब्लीपर वाजला की ते दार सताड उघडं टाकून पळतात. ते लावायला कुणीतरी हवंच ना?"

मतदान झालं. तरुण अधिकाऱ्याच्या प्रस्तावाच्या विरुद्ध जास्त हात वर गेले. दिवसाचे चौघं आहेत तोवर हेझलकॉटचं स्टेशन चालू राहील, असा ठराव झाला. कारकुनाने तो लिहून घेतला, आणि बाई रिकामा डबा उचलायला गेल्या तेव्हा हळूच विचारलं, यात नक्की काय काय घालतात?

गावात बातमी फोनने आधीच पोचली होती. बाई बसमधून उतरल्या तसं डेनिसने रस्त्यातच त्यांना मिठी मारली आणि त्याचा रक्ताळलेला ॲप्रन त्यांच्या कोटाला लागला. ब्रिटिश माणसाने असं करणं म्हणजे भूकंपच. बाई हसल्या, पण घरी येऊन त्यांनी आधी रश्मीला फोन लावला. "मालकाला म्हणावं, घर दुसऱ्या कुणाला तरी द्या. आता काय झालं ते सांगते," म्हणाल्या, आणि सांगता सांगता रडल्या. पोटभर रडल्या. रिसीव्हर ठेवल्यावर मात्र त्यांना फार हलकं वाटलं. त्यांनी चहाचं आधण ठेवलं.

उदयराव जिन्यात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"अगं, तू हे काय करून बसलीस?"

"त्यांनी विचारलं, मी सांगितलं. अहो, एडनाची आठवण झाली."

"पण मी सकाळीच डेनिसला सांगितलं," उदयराव अडखळत म्हणाले. "निकाल काही लागो, उन्हाळ्यात मी ब्लीपर परत करणार म्हणून. दहा वर्षं तुला बांधून ठेवलं. मला काही कळत नाही असं नाही. त्याने फक्त माझा हात दाबला."

वैजयंतीबाई गॅसपाशी थिजल्या. म्हणजे हा माणूस तिकडे आपल्यासाठी स्वतःचा जीव की प्राण सोडून मोकळा झाला होता, आणि डेनिस ते माहीत असूनही रस्त्यात आपल्याला मिठी मारत होता! डोळे पुन्हा भरून आले. आणि मग, बाईच त्या, त्यांना राग आला.

"सोडणार म्हणे! सगळ्या कमिटीसमोर मी शब्द देऊन आले, राहतील म्हणून. मला काय खोटी पाडता? जा आधी. डेनिसला सांगून या, नाही सोडत म्हणून."

"अगं, पण चहा..."

"चहा कुठे जात नाही. जा म्हणते ना!"

उदयराव वळले आणि जिना उतरले. बाई खिडकीशी आल्या. ब्लीपर वाजला नव्हता, तरी माणूस धावत होता.